सरांचा तुर्की हमाम

सर कुणाच्याही घरी गेले की आधी न्हाणीघर बघत. बसा म्हटलं तरी बसत नसत. "न्हाणी कुठंय?" एवढंच विचारत, आणि यजमान बिचारा काहीतरी घाईची वेळ आली असेल असं समजून परसदाराकडे बोट दाखवी. सर आत जाऊन फरशीवर तांब्याभर पाणी ओतत, ते कुठल्या बाजूला पळतं ते वाकून बघत, भिंतीवर बोटानं टकटक करत आणि बाहेर येऊन त्या कुटुंबाविषयी आपलं मत बनवून टाकत. ते मत सहसा बदलत नसे.

माझं लग्न या सवयीमुळे जमलं. संगमनेरला मुलगी बघायला जायचं होतं. माझे वडील नव्हते, आणि आई म्हणाली, "मास्तरांना घेऊन जा. शिकल्याल्या मान्सांत आपल्याला बोलाय येत न्हाई." सर काळा कोट घालून आले. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली, तेव्हा सर बैठकीत नव्हतेच. ते तिच्या वडिलांच्या न्हाणीत उकिडवे बसून मोरीचा उतार तपासत होते. परत येऊन त्यांनी भरल्या बैठकीत निकाल दिला, "पाणी कुठं साचत नाही. या घरात भांडणंही साचत नसणार." मुलीचे वडील माझ्याकडे बघायला लागले. मुलगी मात्र पदराआड हसली, आणि त्या हसण्यावर मी होकार देऊन टाकला. सरांनी होकार मोरीला दिला होता. दोन्ही निर्णय चांगले ठरले.

आमच्या घराण्यात पदवी मिळवलेला मी पहिला. आमचं गाव केडगावच्या पलीकडे, आडबाजूला. नगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागलो तेव्हा शिक्षकांच्या खोलीत कुठल्या खुर्चीवर बसायचं हेही मला कळत नव्हतं. सर तिथं इतिहास शिकवत. त्यांनी आपल्या शेजारची खुर्ची ओढून दिली, आठवडाभरात आपल्या घराची माडी राहायला दिली, आणि त्या बदल्यात माझ्या प्रयोगशाळेतला एक थर्मामीटर मागून घेतला. तो त्यांनी कधी परत केला नाही. कोटाच्या वरच्या खिशात लोकांचं पेन असतं, सरांचा थर्मामीटर असे. चहा आला की आधी तो कपात बुडवत, मान हलवत आणि मग पीत. मुख्याध्यापकांच्या चहातही त्यांनी एकदा तो बुडवला होता. मुख्याध्यापकांनी तो चहा प्यायला नाही, आणि सरांना त्याचं कारण शेवटपर्यंत कळलं नाही.

सरांचं लग्न झालेलं नव्हतं. घरात त्यांची थोरली बहीण, आक्का. विधवा, उंच, काटक, आणि आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा. दर रविवारी त्या घरात एक लढाई व्हायची. सकाळी आक्का तांब्याचा बंब पेटवत. शेणकुटं आणि चिपाडं घातली की अर्ध्या तासात पाणी कढे. सर पंचा घेऊन न्हाणीत शिरत आणि दुपारच्या जेवणाची वेळ होईपर्यंत बाहेर येत नसत. आक्का बाहेरून दारावर पळी आपटत.

"झालं का रे?"

"अंघोळ उरकायची नसते आक्का, करायची असते," आतून उत्तर येई.

"माझी भाकरी वाळली."

"रोमन माणूस अर्धा दिवस न्हायचा. त्याचं साम्राज्य बघ केवढं होतं."

"बुडालं ना पण?" आक्का म्हणत आणि पुन्हा पळी आपटत.

यातलं 'अंघोळ उरकायची नसते' हे वाक्य शाळेतल्या पोरांना पाठ होतं, कारण सरांचा कुठलाही धडा शेवटी न्हाणीघरात जाऊन पोचे. माझा वर्ग शेजारी होता, मध्ये नुसती लाकडी फळ्यांची भिंत. पलीकडे एखादी लढाई सुरू झालेली ऐकू येई, आणि मी इकडे पाण्याची घनता शिकवून संपवेपर्यंत पलीकडचं सैन्य दमून हमामात बसलेलं असे. मग खडूचा कर्रकर्र आवाज येई. सर फळ्यावर घुमट काढत आहेत आणि घुमटाला भोकं पाडत आहेत हे मला भिंतीअलीकडून कळे. तुर्कांनी हमाम रोमनांकडून घेतला, पण त्याला अदब तुर्कांनी दिली, असं ते सांगत. त्यातली एक गोष्ट त्यांची फार लाडकी होती. बायकांची न्हायची वेळ असली की हमामाच्या दारावर एक फडकं टांगत. "ते फडकं दिसलं की सुलतान असला तरी दारातून मागं फिरायचा. तोफ थांबवू शकत नाही त्याला फडकं थांबवायचं. लिहून घ्या." पोरं लिहून घेत. परीक्षेत पानिपतच्या उत्तरात ते फडकं येई, आणि सर त्याला गुण देत.

एवढं वेड लागण्याचं कारण केडगावच्या अलीकडे, पुणे रस्त्यापासून आत, एका मळ्याच्या कडेला उभं होतं. लोक त्याला नुसतं 'घुमट' म्हणत. शेजारच्या मळ्याचे मालक, ज्यांना सगळे आबा म्हणत, त्यात पिढ्यान्‌पिढ्या कडबा भरत आले होते. जमीन सरकारी, घुमट कुणाचाच नाही, कडबा आबांचा.

सरांनी मला पहिल्यांदा तिथं नेलं तेव्हा दारातून सरळ आत जायला निघालो आणि समोरच्या भिंतीवर कपाळ आपटलं. सर आनंदानं ओरडलेच. "सगळे आपटतात! वाट मुद्दाम वाकडी ठेवली आहे. सरळ दार असतं तर ऊब पळून गेली असती." उजवीकडे वळायचं, मग डावीकडे. पहिली खोली कपडे उतरवायची, दुसरी अंगाला सवय व्हावी म्हणून कोमट, आणि तिसरी गरम. तिसऱ्या खोलीवर घुमट, आणि घुमटात खरोखरच गोल भोकं. एके काळी त्यांत जाड काच बसवलेली असायची म्हणे. त्यांतून उजेडाचे गोळे खालच्या कडब्यावर पडले होते. मधोमध दगडाचा अष्टकोनी ओटा. "इथं पडायचं. दगड खालून तापलेला. घाम येतो, मग सेवक अंग चोळतो, मग पाणी."

पण खरी गंमत खाली होती. सरांनी मला मागच्या बाजूला नेऊन एका कमानीतून रांगत आत घातलं. ती भट्टीची कमान होती. वरच्या गरम खोलीची फरशी जमिनीवर टेकलेलीच नव्हती. बुटक्या बुटक्या दगडी खांबांवर ती उभी होती आणि खाली नुसती पोकळी. भट्टीचा जाळ आणि धूर त्या पोकळीत फिरायचा आणि भिंतीच्या आतून वर गेलेल्या खापरी नळांतून बाहेर पडायचा. म्हणजे जमीन तापायची आणि भिंतीही तापायच्या. विज्ञान शिकवणारा मी तिथं पोटावर पडल्या पडल्या थक्क झालो. वरून सरांचा आवाज येत होता, की निजामशाहीत तुर्कस्तानातून तोफा ओतणारे उस्ताद नगरात आले होते, आणि त्यांच्यातल्याच कुणीतरी हा हमाम बांधला. तोफा ओतणारे आले होते हे पुस्तकात आहे. हमाम त्यांनी बांधला हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं, ते सरांच्या मनात होतं. "जो माणूस पितळेचा रस करतो, त्याला पाणी तापवणं काय जड?" एवढा एक पुरावा त्यांना पुरे होता.

आबांचा आक्षेप वेगळा होता. "मास्तर, नगरच्या उन्हाळ्यात घाम काढाय इमारत कशाला लागती? आमच्या बांधावर या, फुकाट निघतो."

सर म्हणत, "आबा, तो घाम कष्टाचा. हा घाम सुखाचा."

"सुखाचा घाम आमी लग्नात बी न्हाई बघितला," आबा म्हणत, आणि कडब्याची पेंढी उचलून चालू लागत.

सरांची एक इच्छा होती आणि ती सगळ्या शाळेला माहीत होती. त्यांना आयुष्यात एकदा तापलेल्या हमामात पडायचं होतं. बुऱ्हाणपूरला जाऊन ते तिथल्या हमामातल्या गार दगडावर पडून आले होते, आणि आठवडाभर पाठ धरून बसले होते. तुर्कस्तान तर फारच लांब. पण हा आपला, पुणे रस्त्यावरचा. "कधीतरी हा पेटवू," ते म्हणत. आक्का म्हणत, "आधी दिवाळीला वेळेवर उठ."

मग बहात्तरचा दुष्काळ आला. बंब बंद झाला. सर एका तांब्यात अंघोळ करू लागले, पण तासभर करत. आबांचा कडबा संपला आणि घुमट पहिल्यांदाच आतून रिकामा झाला. सर या एका गोष्टीवर चोरून खूश होते, आणि खूश असल्याची लाजही त्यांना वाटत होती. गावोगाव खडी फोडायची कामं निघाली. माझी आईही आमच्या गावच्या बायकांबरोबर खडीवर जाऊ लागली. मी पगार घरी देत होतो, तरी ती ऐकत नसे. सगळ्या जातात, मी एकटी घरी बसून काय करू, म्हणायची. संध्याकाळी कंबर धरून चुलीपुढे बसायची.

त्यांची टोळी घुमटाशेजारच्या नव्या रस्त्यावर आली, आणि मुकादमानं सांगितलं की दगड लांबून आणायला नको, हा पडका घुमटच फोडायचा. सरांना मी ही बातमी दिली तेव्हा ते चहात थर्मामीटर बुडवून बसले होते. तो तसाच राहिला. चहा गार झाला.

दुसऱ्या दिवसापासून ते इंजिनिअरसाहेबांच्या मागं लागले. साहेब तरुण होते, वाईट नव्हते, पण त्यांना रस्ता पुरा करायचा होता. घुमट कुठल्याही सरकारी नोंदीत नव्हता. सर इतकं बोलले की साहेब शेवटी कंटाळून म्हणाले, रविवारी येतो, दाखवा तुमचा हमाम. सरांनी मला सांगितलं, "आपण बोलायचं नाही. इमारतीला बोलू द्यायचं. साहेब बूट काढून तापलेल्या फरशीवर पाय ठेवतील आणि गप्प होतील."

संक्रांतीआधीची थंडी होती. रविवारी पहाटे आक्का, सर आणि मी भट्टीसमोर हजर. आबांनी वाळून गेलेल्या बाभळी तोडून ठेवल्या होत्या, त्या त्यांनी देऊन टाकल्या. आक्कांनी बंब पेटवतात तशी भट्टी पेटवली, आधी शेणकुटं, मग चिपाडं, मग लाकडं. जाळ धडधडू लागला. थोड्या वेळानं भिंतींच्या माथ्यावरून, खापरी नळांच्या तोंडांतून, धुराच्या बारीक रेघा निघाल्या. सरांनी माझा हात इतका दाबला की बोटं दुखली. तीनशे वर्षं थांबलेला श्वास सुटला, असं काहीतरी ते म्हणाले. आक्का म्हणाल्या, "अर्ध्या तासात कढेल."

चूक तिथंच होती. आम्ही तिघंही बंबाची माणसं. बंब अर्ध्या तासात तापतो, म्हणून हमामही तापेल असं धरून चाललो. कित्येक पिढ्या गार पडलेला, हातभर जाडीचा दगड तापायला किती वेळ लागेल, हे इतिहास शिकवणाऱ्याला सुचलं नाही आणि विज्ञान शिकवणाऱ्याला तर नाहीच नाही.

साहेब जीपमधून आले. सरांनी त्यांना मोठ्या अदबीनं बूट काढायला लावले. साहेबांचं कपाळ आधी भिंतीवर आपटलं. मग ते तिसऱ्या खोलीत पोचले, अष्टकोनी ओट्यावर मोजे घालून उभे राहिले, आणि आम्ही सगळे त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो.

"मास्तर," साहेब म्हणाले, "मला थंडी वाजतेय."

सरांनी वाकून फरशीला हात लावला. फरशी बर्फासारखी होती. त्यांनी थर्मामीटर काढून तिच्यावर ठेवला, जणू तो तरी त्यांची बाजू घेईल. साहेब हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. उद्यापासून टोळी काम सुरू करेल, एवढं सांगून ते गेले.

सर ओट्याच्या कडेला बसून राहिले. एवढ्यात मागून घरंगळल्याचा आवाज आला. आबा बाभळीचा एक अख्खा बुंधा भट्टीत लोटत होते.

"ऱ्हाऊ द्या आता आबा," मी म्हणालो.

"जळू दे की. वाळल्याली लाकडं हायती, मी काय त्येची पूजा घालू?" मग सरांकडे न बघता म्हणाले, "म्हशीला चारा टाकल्या टाकल्या दूध येत न्हाई, मास्तर."

सोमवारी सरांनी शाळेत न जाण्याचा निर्णय घेतला. नोकरीतली ही त्यांची पहिली रजा. घुमटासमोर आडवं पडायचं, पहिला घाव आपल्यावर, असा बेत होता. आक्का म्हणाल्या, "आडवा पडायचास तर सतरंजी घे," आणि स्वतः सतरंजी घेऊन निघाल्या. थंडी इतकी होती की तोंडातून वाफ येत होती. आम्ही पोचलो तर बाहेर घण पडलेले, पाट्या पडलेल्या, आणि मुकादम एकटाच डोकं धरून उभा. टोळी गायब.

"कुठं गेली माणसं?" सरांनी विचारलं.

"आत," मुकादम म्हणाला. "घाव घालाया आत गेल्या त्या भाईरच येईनात. गडी तिकडं भट्टीपाशी बसल्यात. मी आत जाया लागलो तर तुमच्या ह्या गुरुजींच्या आईनं मला घण दावला."

सर दाराकडे धावले आणि उंबऱ्यावर थबकले. कमानीला, आडव्या खिळ्याला, एक जुनं लुगड्याचं फडकं टांगलेलं होतं.

सर त्या फडक्याकडे बघत राहिले. त्यांनी कोट सारखा केला, आणि एक पाऊल मागं घेतलं. माझ्या आईला तुर्कस्तान कुठल्या दिशेला आहे हे माहीत नव्हतं. वारं आणि मुकादम दोन्ही आत येऊ नयेत म्हणून तिनं ते लावलं होतं.

"आई," मी बाहेरून हाक मारली, "काय चाललंय?"

"पडलोय," वाकड्या वाटेतून आईचा आवाज आला. "समद्या पडलोय. भुई लई गोड तापलीया रं. माझी कंबर सुटली."

सरांनी मला कोपरानं मागं सारलं आणि भिंतीला तोंड लावून विचारलं, "वहिनी, ओटा जास्त तापलाय की कडेची फरशी?"

आत थोडी कुजबुज झाली, हसू फुटलं. "वट्ट्याव म्हाताऱ्या निजल्यात, त्यास्नी इचारते." थोड्या वेळानं उत्तर आलं. "वट्टा जास्त."

"आणि भिंत? पाठ टेकून बघा."

"भित बी ऊन हाय, मास्तर."

"सगळीकडे सारखी?"

"भट्टीकडची जास्त. तुमी परीक्षा घेताय काय आमची?" मग पुन्हा हशा. घुमटात तो हशा असा गोल फिरला की घुमटाच्या भोकांतूनही ऐकू आला. सर एकेक उत्तर ऐकून मान डोलावत होते, डोळे मिटून. ज्या खोलीत शिरण्यासाठी ते जगत होते, तिच्या बाहेर थंडीत उभे राहून ते आयुष्यातला सगळ्यांत मोठा आनंद भोगत होते. दातावर दात वाजत होते, ते वेगळं.

जीप आली. साहेब रागातच उतरले आणि तडक दाराकडे निघाले. सर आडवे झाले, पण उभ्यानंच.

"साहेब, फडकं आहे."

"म्हणजे?"

"बायकांची वेळ आहे. सुलतानसुद्धा थांबतो."

साहेब खरंच थांबले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. काय करावं न कळून त्यांनी बाहेरच्या भिंतीवर तळहात टेकवला. मग दुसराही टेकवला. बराच वेळ ते तसे उभे राहिले, चुलीपुढे उभं राहावं तसे. आतून एका म्हातारीनं विचारलं कोण आलंय, आणि आईनं सांगितलं, सायब आल्यात. म्हातारी म्हणाली, "त्येस्नी म्हनावं दगडाला काय तोटा? नगर जिल्ह्यात दगड सोडून दुसरं हाय काय? ह्यो एक ऱ्हाऊ द्या."

साहेबांनी हात काढला. तळव्याला काजळी लागली होती. ती त्यांनी नीट बघितली, आणि मुकादमाला हाक मारून म्हणाले, "हा दगड भाजलेला आहे. भाजका दगड खडीला चालत नाही, ठिसूळ होतो. ओढ्यापलीकडच्या माळावरून आणा. इथला नको."

सर उसळले. "भाजका? साहेब, तुर्की उस्तादानं निवडलेला दगड आहे. त्याला ठिसूळ..."

आक्कांनी त्यांच्या पाठीत सतरंजी घातली. "गप्प बस."

साहेब जीपकडे जाताना माझ्याकडे बघून हसले, आणि तेव्हा मला कळलं की ठिसूळ काय असतं आणि काय नसतं ते त्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

ऊन वर आलं तशा बायका एकेक बाहेर आल्या, लाल चेहऱ्यांच्या, आळोखेपिळोखे देत, आणि पाट्या उचलून माळाच्या वाटेला लागल्या. आईनं फडकं काढून डोक्याला गुंडाळलं. "जावा मास्तर," ती म्हणाली, "तुमच्यासाठी ऊब ठिवलीया."

सरांनी कोट काढला. खिशातला थर्मामीटर काढून माझ्या हातात दिला. "आज नको हा," म्हणाले. आक्कांनी पिशवीतून त्यांचा पंचा काढून दिला आणि ते आत गेले. या वेळी कपाळ आपटल्याचा आवाज आला नाही.

आम्ही बाहेर बसलो. आबा भट्टीतल्या निखाऱ्यांवर हात शेकत होते. सूर्य डोक्यावर आला, मग कलला. आतून काहीच आवाज नव्हता. शेवटी आबा म्हणाले, "आक्का, हाक तरी मारा. झोप लागली का काय बघा."

आक्का उंबऱ्यावर पाय पसरून बसल्या होत्या, पाठ तापलेल्या भिंतीला टेकलेली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "उरकायची नसते ती."